हेल्गोलँडचे लॉबस्टर आणि अंड्यांवरची अदृश्य राखण

जर्मनीच्या उत्तर समुद्रातील हेल्गोलँड हे तांबड्या खडकाचे बेट एकेकाळी लॉबस्टरसाठी प्रसिद्ध होते. दुसऱ्या महायुद्धापूर्वी येथील कोळी वर्षाला हजारोंच्या संख्येने लॉबस्टर पकडत. आज ती संख्या काही शेकड्यांवर आली आहे. 18 एप्रिल 1947 रोजी ब्रिटिश नौदलाने बेटावरील लष्करी बांधकामे उडवण्यासाठी सुमारे 6,700 टन स्फोटके वापरली. या ऱ्हासाच्या कारणांत त्या स्फोटाचे नाव नेहमी घेतले जाते, मात्र प्रदूषण आणि अतिमासेमारी यांचा वाटाही दुर्लक्षिता येत नाही.

1892 मध्ये स्थापन झालेली आणि आता आल्फ्रेड वेगेनर संस्थेचा भाग असलेली हेल्गोलँडची जीवशास्त्र संस्था अंडीधारी माद्या सांभाळून पिले वाढवते आणि समुद्रात सोडते. बोर्कुमजवळच्या रिफगाट पवनऊर्जा क्षेत्रातही अशी पिले सोडण्यात आली. बातम्यांत आकडा येतो तो सोडलेल्या पिलांचा. खरी नाजूक अवस्था मात्र त्याआधीची आहे. लॉबस्टरची मादी हजारो अंडी शेपटीखाली चिकटवून नऊ ते बारा महिने बाळगते. इतका काळ ओलसर, पोषक, जवळजवळ असलेली अंडी म्हणजे बुरशीला आमंत्रणच.

'बुरशी' हा शब्द येथे सैल अर्थाने घ्यावा लागतो. समुद्री कवचधारींच्या अंड्यांवर वाढणारे लॅजेनिडियम किंवा हॅलिफ्थोरॉस हे जीव खऱ्या बुरशीपेक्षा तपकिरी शैवालांचे जवळचे नातलग. बटाट्याचा करपा घडवणारा रोगकारक याच कुळातला. 1976 मध्ये कॅलिफोर्नियात अमेरिकी लॉबस्टरच्या डिंभकांवर लॅजेनिडियमचा घातक रोग नोंदवला गेला. संवर्धनकेंद्रात, जेथे पिले दाटीने वाढतात, तेथे तो झपाट्याने पसरतो.

मग समुद्रात सारी अंडी का नासत नाहीत? 1989 मध्ये 'सायन्स' नियतकालिकात गिल-टर्नेस, हे आणि फेनिकल यांनी याचे उत्तर दिले. एका कोळंबीच्या भ्रूणांवर राहणारे जिवाणू आयसॅटिन नावाचे द्रव्य स्रवतात. प्रतिजैविकांनी हे जिवाणू काढून टाकलेले भ्रूण बुरशीने लवकर मेले. जिवाणू परत दिले, किंवा नुसते आयसॅटिन दिले, तरी ते तगले. पुढे 1992 मध्ये अमेरिकी लॉबस्टरच्या भ्रूणांवरही तसेच संरक्षक जिवाणू आढळले. त्यांचे अस्त्र टायरोसोल.

येथेच धोरणाचा पेच सुरू होतो. पूर्वी मत्स्यबीज केंद्रांत बुरशीवर हमखास वापरले जाणारे मॅलाकाइट ग्रीन खाद्य प्राण्यांसाठी युरोपीय संघात मुळीच चालत नाही. ही बंदी योग्यच आहे. पण अन्य निर्जंतुकेही सरसकट वापरली तर रोगाबरोबर राखणदारही धुऊन निघण्याची भीती आहे. स्वच्छ पाणी, मृत अंडी वेळीच काढणे, माद्यांना ताण न देणे हे उपाय दिसायला किरकोळ आहेत, प्रसिद्धीच्या दृष्टीने तर अगदीच निरस. तरी निर्जंतुकांपेक्षा भरवशाचे.

त्यात समुद्र तापतो आहे. हेल्गोलँड येथील 1962 पासूनच्या नोंदींनुसार पाणी दीड अंशाहून अधिक उबदार झाले आहे. हिवाळा उबदार असेल तर लॉबस्टरची अंडी लवकर फुटतात आणि डिंभक थंड पाण्यात येऊन पडतात. अंड्यांवरच्या जिवाणूंचे या उबेत काय होते, हा प्रश्नही आता पिलांच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा ठरावा.

कोकणातील वाचकांना हा प्रश्न परका नाही. वेळास येथे 2002 पासून सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी जपण्याचे काम सुरू केले, आणि अंडी कुंपणातल्या जागी हलवून पुरण्याची पद्धत किनारपट्टीवर रुजली. केप व्हर्डेमधील बोआविस्ता बेटावरील कासवांच्या अंड्यांत 2010 मध्ये नोंदली गेलेली फ्युसारियम ही मात्र खरी बुरशी. एका कुंपणात अनेक घरटी आली की तिचा प्रसार सोपा होतो. म्हणून घरट्यांत अंतर राखणे आणि जुनी वाळू पुन्हा न वापरणे हे तेथेही तितकेच निकडीचे आहे.