बर्फावरचे वाचन

मोटारींच्या हिवाळी रॅलीविषयी मराठीत लिहू गेल्यास पहिली अडचण शब्दांची येते. आकाशातून पडते ते आणि पाणी गोठून होते ते, दोहोंना आपण व्यवहारात बर्फच म्हणतो. रसवंतीगृहात गोणपाटात गुंडाळून येणारी लादी हाच आपल्यापैकी बहुतेकांचा त्या पदार्थाशी परिचय. रॅलीत उतरणाऱ्यांसाठी मात्र हा भेद जिवाशी निगडित असतो. म्हणून या लेखापुरते, भुसभुशीत ते हिम आणि काचेसारखा कठीण तो बर्फ, असे आम्ही मानतो.

हिवाळी रॅली ही गाडी चालवण्याची स्पर्धा होय, असे सर्वसाधारण मत आहे. आमच्या मते ती निदान निम्मी तरी वाचनाची स्पर्धा आहे, आणि तिच्यातील विजय एकट्या चालकाच्या नावे सांगण्याची रूढी अन्यायाची आहे.

रॅलीत गाड्या एकमेकींशी अंगाला अंग लावून धावत नाहीत. वाहतूक बंद केलेल्या रस्त्यावर त्या एकामागून एक सुटतात आणि घड्याळ निकाल देते. गाडीत दोघे असतात. स्पर्धेपूर्वी दोघे तो रस्ता साध्या वेगाने पाहून घेतात. चालक सांगत जातो आणि सहचालक वहीत उतरवून घेतो. वळण डावे की उजवे, किती तीव्र, पुढे सरळ रस्ता किती मीटर, चढाच्या माथ्यापलीकडे काय दडले आहे, हे सारे अंकांत आणि आखूड शब्दांत. प्रत्यक्ष स्पर्धेत सहचालक ती वही शिरस्त्राणातल्या ध्वनिक्षेपकातून वाचत जातो. त्याची नजर बहुतांशी कागदावर असते. रस्त्यावर आपण कोठे आलो आहोत हे त्याला आसनाला बसणाऱ्या हिसक्यांवरून ओळखावे लागते. वाक्य क्षणभर उशिरा आले तर वळण निघून जाते, फार आधी आले तर चालक ते विसरतो. सुरांत म्हणणाऱ्याला तालाचे जे भान लागते, तेच येथे लागते.

आता हिवाळ्याकडे येऊ. स्वीडनची रॅली 1950 साली सुरू झाली आणि 1965 पासून ती हिवाळ्यात होऊ लागली. तेथे रस्ता बहुधा सलग गोठलेला असतो. अरुंद टायरांत धातूचे शेकडो खिळे बसवलेले असतात, ते बर्फात रुततात, आणि आश्चर्य असे की त्यामुळे ही वर्षातील अतिवेगवान स्पर्धांपैकी एक ठरते. कडेच्या हिमाच्या भिंतीला गाडी टेकवून वळण घेणारेही असतात. भिंत भुसभुशीत निघाली तर तीच गाडीला आत ओढते. तरीही, थंडी टिकून असली की, तेथील पृष्ठभाग वाचकाला फारसा फसवत नाही.

मॉन्ते कार्लोच्या रॅलीत (प्रारंभ 1911) मात्र संहिताच शिळी होते. आल्प्सच्या एकाच घाटात उन्हाकडची बाजू कोरडी आणि सावलीतले वळण बर्फाळ असते. टायर कोणते, हे घाटाच्या कितीतरी आधी ठरवावे लागते. चार दिवसांपूर्वी लिहिलेली वही अशा ठिकाणी अपुरी पडते. म्हणून टप्पा सुरू होण्यापूर्वी प्रत्येक संघाची एक वेगळी जोडी तो रस्ता पुन्हा पाहून येते आणि वहीत खुणा करते: येथे बर्फ, येथे ओल, येथे हिमाचा चिखल. कालची संहिता आणि सकाळचा शुद्धिपाठ, दोन्ही एका दमात वाचायचे! चालकाच्या डोळ्यांना डांबर स्वच्छ दिसत असते आणि कानात शब्द येतो, बर्फ. त्याने डोळ्यांवर विश्वास ठेवायचा की शब्दावर? ताशी शंभर किलोमीटरच्या वेगात हा प्रश्न तात्त्विक राहत नाही. वाचकाचे स्थान काय, यावर आम्ही वर्गात पुष्कळ बोलतो. पण वाचकाची एक ओळ गळली तर जीव जाईल, असा पाठ आमच्या अभ्यासक्रमात नाही.

शुद्धिपाठही खोटा पडू शकतो. 1607 मीटर उंचीच्या तुरिनी खिंडीत प्रेक्षक रस्त्यावर हिम फेकतात, गंमत म्हणून. 2005 साली मार्कुस ग्रोनहोल्म आणि पेटर सोल्बर्ग दोघेही तेथे अशाच, बहुधा प्रेक्षकांनी टाकलेल्या हिमावर घसरले आणि दोघांच्याही गाडीचे चाक तुटले. या गमतीला आम्ही सरळ दुष्टपणा म्हणतो. लिहिलेल्या शब्दावर विसंबलेल्या दोन माणसांचा तो विश्वासघात आहे.

2022 ची मॉन्ते कार्लो रॅली सेबास्तियां लोब यांनी जिंकली, असे सांगितले जाते. सत्तेचाळिसाव्या वर्षी जिंकली, आठव्यांदा जिंकली, हेही सांगितले जाते. आधीचे सातही विजय दानिएल एलेना यांच्या वाचनावर मिळाले होते. या वेळी शेजारी होत्या इझाबेल गालमिश, पेशाने गणिताच्या शिक्षिका. त्या वर्षी रस्ते बरेचसे कोरडे होते, आणि म्हणूनच मोजक्या बर्फाळ जागांची नोंद अधिक मोलाची होती. सतरा टप्प्यांनंतरचे अंतर 10.5 सेकंदांचे. सेबास्तियां ओजिए यांचे टायर शेवटून दुसऱ्या टप्प्यात निकामी झाले नसते तर निकाल वेगळा लागता, हे खरे. पण ओजिएंच्या पाठोपाठ इतक्या जवळ राहणे, हे लोब यांच्या हातांइतकेच गालमिशबाईंच्या आवाजाचे काम होते. यापूर्वी जागतिक मालिकेतील रॅली जिंकणाऱ्या गाडीत स्त्री होती ती 1997 साली, याच रॅलीत: पिएरो लिआत्ती यांच्या शेजारी फाब्रित्सिया पोन्स. त्याही सहचालकच.

यावर आक्षेप येईल की गाडी शेवटी हातापायांनी सावरली जाते, आणि घसरत्या गाडीला घसरणीतच वळवण्याचे कसब कोणत्याही वहीत लिहिता येत नाही. आक्षेप मान्य. परंतु ते कसब कोठे वापरायचे हे वळणाआधी ठाऊक असावे लागते, आणि धुक्यात, रात्री, दरीच्या कडेला ते ठाऊक करून देणारा दुसराच कोणी असतो. स्पर्धेचे नियम हे जाणतात. जागतिक मालिकेत सहचालकासाठी स्वतंत्र विजेतेपद आहे आणि व्यासपीठावर दोघेही उभे राहतात. मागे आहे ती आपली, बातमी सांगणाऱ्यांची आणि ऐकणाऱ्यांची, भाषा. ‘लोब जिंकले’ याऐवजी ‘लोब आणि गालमिश जिंकले’ असे लिहायला तीन शब्द जास्त लागतात का? दोनच लागतात.