गुडघेदुखी आणि आशेचा बाजार

गुडघेदुखी ठाऊक नाही असे घर विरळाच. वय वाढते तशी सांध्यातील कूर्चा झिजते. मग जिना चढणे, मांडी घालून बसणे, भातलावणीला ओणवे होणे, सारेच जड जाते. झिजलेली कूर्चा पूर्ववत करणारे खात्रीचे औषध आजही नाही. अशा वेळी कोणी म्हणाले, ‘तुमच्याच पोटावरची चरबी काढू, तिच्यातील पेशी वेगळ्या करू आणि गुडघ्यात टोचू,’ तर कोणाला मोह पडणार नाही?

ही कल्पना म्हणजे थोतांड नव्हे. मानवी चरबीत मूलपेशी सापडतात, हे २००१ साली अमेरिकेतील संशोधकांनी मांडले. परंतु कल्पना चांगली असणे निराळे आणि ती कसोटीला उतरणे निराळे. अमेरिकेतच सुमारे ४८० रुग्णांवर मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२३ साली ‘नेचर मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाले. काहींना अस्थिमज्जेतील, काहींना चरबीतील, तर काहींना नाळेतील पेशी दिल्या. उरलेल्यांना नेहमीचे स्टेरॉइडचे इंजेक्शन. वर्षभराने सर्वच गटांतील वेदना कमी झाल्या होत्या. पण पेशींचा एकही प्रकार स्टेरॉइडपेक्षा सरस ठरला नाही.

‘मला गुण आला’ म्हणणारा रुग्ण खोटे बोलत नाही. मात्र गुण कशाने आला, हे एकट्याच्या अनुभवावरून ठरत नाही. दुखणे मुळातच कमीजास्त होत असते आणि उपचारावरचा विश्वासही वेदना हलकी करतो. म्हणून जाहिरातीतील शंभर अनुभवांपेक्षा ‘कशाच्या तुलनेत?’ हा एक प्रश्न मोलाचा आहे.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सिद्ध न झालेले मूलपेशी उपचार फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतात. प्रयोग जरूर व्हावेत. त्यांच्यावाचून विज्ञान पुढे जाणार नाही. पण प्रयोगाचे बिल रुग्णाने का भरावे? दुभते जनावर विकून दवाखाना करणाऱ्या माणसाला हा प्रश्न पुस्तकी वाटणार नाही. मांडीच्या स्नायूंचे व्यायाम आणि वजन आटोक्यात ठेवणे हे उपाय साधे दिसतात, पण त्यांच्या पाठीशी पुरावा आहे. त्यांची जाहिरात कोणी करत नाही, इतकेच!

कोणी विचारील, कला शाखेच्या विद्यार्थ्याने या विषयात का पडावे? माझे उत्तर असे, की रुग्णापर्यंत पेशींच्या आधी शब्द पोहोचतात. आणि शब्द पारखून घेणे हा तर आपलाच अभ्यास आहे.