न्हाणीचं पाणी नालीत कशाला?

नळ घरात आला, सांडपाण्याचा विचार मात्र मागंच राहिला. जल जीवन मिशनने 2019 मध्ये माणशी रोज 55 लिटरचा हिशेब धरला. पाच माणसांच्या घरात झाले पावणेतीनशे लिटर. त्यातलं बरंचसं न्हाणीतून नालीत, तिथून शेजाऱ्याच्या दारात. मग डास अन् भांडणं.

नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीने घरोघर शोषखड्डे केले अन् डास हटवले. चार फूट लांब-रुंद-खोल खड्डा, मधे छिद्रांची टाकी, भोवती दगड.

जानेफळ शिवारात जिथं काळी माती खोल आहे, तिथं पाणी लवकर जिरत नाही. खड्डा भरला की लोक योजनेलाच नावं ठेवतात. तिथं मुरूम लागेपर्यंत खोदा, नाहीतर पाणी परसातल्या केळी-अळूला द्या. साबणाचा गाळ अडवायला आधी जाळी बसवा आणि ती धुवत जा (हेच कुणी करत नाही!). पिण्याच्या विहिरीपासून खड्डा दूर ठेवा.

सरपंच व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी नवी नाली मंजूर करण्याआधी किती घरांत खड्ड्याला जागा आहे, ते मोजून घ्यावं. जिथं जागाच नाही, त्या गल्लीत नालीशिवाय इलाज नाही.