गादीवरचा डाग

मांजराने गादीवर लघवी केली की घरात निवाडा होऊन जातो: ‘मुद्दाम करतंय, राग काढतंय.’ मला हा फार मोठा अन्याय वाटतो. मांजर सूड म्हणून घाण करत नाही. त्याला कुठेतरी दुखत असतं, कशाची तरी भीती वाटत असते, नाहीतर त्याचा शी-शूचा वाळूचा ट्रे त्याला नकोसा झालेला असतो. म्हणून सुरुवात पशुवैद्यापासून करावी. विशेषतः बोका पुन्हा पुन्हा ट्रेत बसून कुंथत असेल आणि थेंबही येत नसेल, तर सकाळची वाट पाहू नका. मूत्रमार्ग पूर्ण तुंबला तर दोन-तीन दिवसांत जीव जाऊ शकतो. तपासणीत काही निघालं नाही, तर ट्रेकडे बघा. जितकी मांजरं, त्याहून एक ट्रे जास्त, तेही एकमेकांपासून लांब. धडधडणाऱ्या वॉशिंग मशीनशेजारी तर नकोच. सुगंधी वाळू आपल्याला आवडते, बऱ्याच मांजरांना नाही. डाग पुसायला अमोनिया असलेलं द्रावण नको, त्याचा वास लघवीच्या जवळ जातो. एन्झाइमचा क्लीनर वापरा. नाक घाणीत घासणं, चापट मारणं मात्र आजच थांबायला हवं. त्यातून मांजर एवढंच शिकतं की या माणसापासून लांब राहायचं, आणि मग ते कपाटामागे जाऊन मुततं. नसबंदी न झालेला बोका शेपूट ताठ करून भिंतीवर फवारा मारत असेल, तर गोष्ट वेगळी: बहुतेकांची ती सवय शस्त्रक्रियेनंतर सुटते.