हॉगवर्ट्सचे गारूड आणि आळंदीची भिंत

२१ जुलै २००७ या शनिवारी जे. के. रोलिंग यांच्या हॅरी पॉटर मालिकेचा सातवा आणि अखेरचा खंड जगभर एकाच वेळी विक्रीस आला, तेव्हा भारतातील मोठ्या शहरांतही पुस्तकांच्या दुकानांपुढे भल्या सकाळी मुलांच्या रांगा लागल्या होत्या. रॉकेल, साखर आणि गॅस यांसाठी रांगा लावण्यात ज्यांची उमेद गेली, त्या पिढीला पुस्तकासाठी लागलेली रांग हे एक नवलच होते. त्या रांगेतील मुले आता तिशी-पस्तिशीची झाली आहेत. त्यांतील कितीतरी जण आज चाकणच्या मोटार कारखान्यांत, तळवडे-हिंजवडीच्या संगणक कंपन्यांत नोकरी करतात. निगडी प्राधिकरणात, मोशीत, रावेतला हप्त्यांवर घेतलेल्या सदनिकांत राहतात. आता त्यांचीच मुले ते जुने खंड कपाटातून काढून वाचू लागली आहेत. मालिकेच्या साठ कोटींहून अधिक प्रती खपल्या आहेत आणि २०२३ मध्ये तिच्यावरील नव्या दूरचित्रवाणी मालिकेचीही घोषणा झाली. हे गारूड आणखी एक पिढी टिकणार, हे उघड आहे.

साहजिकच या पुस्तकांविषयी घराघरांत पुन्हा चर्चा सुरू झाली आहे. घरातील वडीलधाऱ्यांना ही सारी मंत्रतंत्राची आणि चेटकाची शिकवण वाटते. आईवडिलांपैकी बहुतेकांना मुलाने ७६६ पानांचा पाचवा खंड इंग्रजीतून संपवल्याचा अभिमान असतो आणि पाहुण्यांसमोर तो सांगितलाही जातो. काही शिक्षक म्हणतात, मोबाइलच्या जमान्यात मूल काहीतरी वाचते आहे, एवढे पुरे. काही कार्यकर्त्यांना यात सरळसरळ सांस्कृतिक आक्रमण दिसते. मुलांना मात्र कोणी फारसे विचारत नाही. विचारले तर ती जादूविषयी कमी आणि मैत्रीविषयी जास्त बोलतात. भीती वाटत असतानाही मित्राला न सोडणाऱ्या तिघांविषयी बोलतात. त्या निवासी शाळेत आपल्यालाही प्रवेश मिळावा, असे त्यांना वाटते.

यांतील पहिल्या आक्षेपाचा उगम कोठे आहे, हे एकदा नीट पाहिले पाहिजे. हॅरी पॉटरवर जादूटोण्याचा आरोप प्रथम ठेवला तो अमेरिकेतील ख्रिस्ती मंडळींनी. ३० डिसेंबर २००१ रोजी न्यू मेक्सिको राज्यातील अलामोगोर्डो येथे एका चर्चच्या आवारात या पुस्तकांची होळी झाली. २००० ते २००९ या दशकात अमेरिकेतील ग्रंथालयांतून जी पुस्तके काढून टाकण्याच्या मागण्या झाल्या, त्यांत ही मालिका पहिल्या क्रमांकावर होती. पुढे पोप झालेल्या कार्डिनल रॅट्झिंगर यांनी २००३ मध्ये एका पत्रात या पुस्तकांच्या सूक्ष्म प्रलोभनाविषयी चिंता व्यक्त केली होती. २०१९ मध्येही नॅशव्हिलच्या एका कॅथलिक शाळेने ही पुस्तके ग्रंथालयातून काढली. ज्या परंपरेत चेटकाच्या आरोपावरून शतकानुशतके बायकांना जाळण्यात आले, त्या परंपरेला जादूच्या गोष्टीची धास्ती वाटावी, हे तिच्या इतिहासाशी सुसंगत आहे. हिंदू समाजाने मात्र ही धास्ती उसनी का घ्यावी?

ज्या समाजाने अद्भुताला नवरसांत मानाचे पान दिले, त्याला उडत्या झाडूचे भय नाही. मराठी मुलाने रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’मधील चेटकिणीला टाळ्या वाजवल्या, खळखळून हसून घेतले आणि तो घरी जाऊन निवांत झोपला. चेटकीण रंगमंचावरची आहे, हे त्याला न सांगता कळते. खऱ्या आयुष्यातील बुवाबाजी आणि भानामती ही निराळी गोष्ट आहे. तिच्यासाठी महाराष्ट्रात २०१३ पासून कायदा आहे आणि तो हवाच. पण भोंदू बाबाच्या नादी लागणारी प्रौढ माणसे लहानपणी परीकथा वाचून बिघडली होती, असे कोणी म्हणणार नाही. या मालिकेमुळे भारतात खरोखर कोणाला धोका निर्माण झाला असेल तर तो घुबडांना. लहान मुलांना घुबड भेट देण्याची ओढ शहरी मध्यमवर्गात दिसू लागल्याचे तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी नोव्हेंबर २०१० मध्ये सांगितले होते. लक्ष्मीच्या वाहनाची अशी आबाळ व्हावी, याला काय म्हणावे?

पुस्तकाच्या गाभ्याकडे पाहिले तर हिंदू वाचकाला तेथे अनोळखी असे फारसे आढळत नाही. खलनायक मृत्यूला भितो आणि तो टाळण्यासाठी आपल्या आत्म्याचे तुकडे करून निरनिराळ्या वस्तूंत दडवतो. राक्षसाचा प्राण सात समुद्रांपलीकडच्या पिंजऱ्यातील पोपटात असल्याची गोष्ट ज्याने आजीच्या मांडीवर ऐकली आहे, त्याला हे कोडे सुटायला वेळ लागत नाही. मृत्यूवर मात करणारी संजीवनी विद्या मिळवण्यासाठी शत्रूच्या गुरूकडे जाऊन राहिलेला कच हा तर विद्यार्थीच होता. यमाच्या दारी तीन रात्री उपाशी बसलेला नचिकेत वयाने हॅरीहून फार मोठा नसावा. फरक एवढाच, की नचिकेताने यमाकडे जे मागितले ते मागण्याचे धैर्य रोलिंगबाईंच्या एकाही पात्राकडे नाही.

याच मालिकेचा दुसरा धागा तर कार्यकर्त्यांनी आवर्जून वाचावा असा आहे. खलनायक आणि त्याचे साथीदार रक्तशुद्धीचे अभिमानी आहेत. जादूगार घराण्यात जन्मला तोच खरा, बाकीचे अशुद्ध, ही त्यांची धारणा. आणि सर्वांत हुशार विद्यार्थिनी म्हणजे सामान्य घरात जन्मलेली हर्मायनी. जन्मावरून माणसाची प्रत ठरवण्याच्या रोगाने हिंदू समाजाचे किती नुकसान केले, हे सांगण्यासाठी इंग्लंडला जाण्याची गरज नाही. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा आणला आणि पुढे पारध्यांसारख्या जमातींच्या मुलांना पाळण्यातच गुन्हेगार ठरवले. १९५२ मध्ये कायदा गेला, पण गावकुसाच्या आतल्यांची नजर बदलली नाही. त्या मुलांसाठी चिंचवडगावात क्रांतिवीर चापेकर स्मारक समितीचे पुनरुत्थान समरसता गुरुकुलम् उभे आहे. गिरीश प्रभुणे यांनी यमगरवाडीत सुरू केलेले काम येथे पुढे गेले आणि २०२१ मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले. जिन्याखालच्या कोंदट खोलीतून निघून एका विलक्षण निवासी शाळेत पोहोचणाऱ्या मुलाची गोष्ट वाचून ज्या घरांतील मुले भारावतात, त्या घरांनी एखाद्या रविवारी मुलांना घेऊन या गुरुकुलात जावे. पालावरून आलेली मुले तेथे कसे शिकतात, हे हॉगवर्ट्सच्या वर्णनाहून कमी रोमांचक नाही. आणि ज्या चापेकरांच्या नावाने ही संस्था चालते, त्या दामोदरपंतांनी रँडवर गोळी झाडली ती २२ जून १८९७ रोजी. हॅरीचा पहिला खंड प्रसिद्ध झाला तो बरोबर शंभर वर्षे चार दिवसांनी, २६ जून १९९७ रोजी. यात योगायोगापलीकडे काही नाही. परंतु चिंचवडमधील किती मुलांना यांतील दुसरी तारीख ठाऊक आहे आणि कितींना पहिली, याचा अंदाज पालकांनी आपापल्या घरी घ्यावा.

सांस्कृतिक आक्रमणाचा आक्षेप यामुळे निकालात निघतो असे नाही, तो जागा बदलतो. मालिकेत पद्मा आणि पार्वती या जुळ्या बहिणी आहेत आणि त्यांचे आडनाव चक्क पाटील आहे. कोणत्या गावचे पाटील, हे लेखिकेने सांगितलेले नाही. दोघी कथेच्या कडेकडेनेच वावरतात. आपले आडनाव इंग्रजी पुस्तकात सापडल्याने हुरळून जाण्यासारखे त्यात काही नाही. २००७ मध्ये कोलकात्याच्या सॉल्ट लेक भागातील एका दुर्गापूजा मंडळाने हॉगवर्ट्सच्या वाड्यासारखा मंडप उभारला, तेव्हा लेखिका आणि चित्रपट कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेऊन वीस लाखांची भरपाई मागितली होती. मंडप उत्सव संपेपर्यंत ठेवण्याची मुभा न्यायालयाने दिली. पुढच्याच वर्षी ‘हरी पुत्तर’ या हिंदी चित्रपटाच्या नावावरूनही त्याच कंपनीने दावा लावला आणि २२ सप्टेंबर २००८ रोजी तो फेटाळला गेला. आपल्या मालमत्तेचे रक्षण करण्याचा त्यांना अधिकार आहे, याविषयी वाद नाही. तथापि चांगदेवाच्या वाघावर कोणाची मालकी नाही. तो वाघ वाटेल त्या मंडळाने देखाव्यात उभा करावा.

खरी चिंता वेगळी आहे. चाकणच्या वाहतूक कोंडीतून सुटका झाली तर अर्ध्या-पाऊण तासात आळंदी येते. तेथे जी भिंत दाखवतात, तिच्यावर बसून चार भावंडे वाघावर स्वार झालेल्या योग्याला सामोरी गेली, अशी कथा आहे. ही चारही मुले पोरकी होती, समाजाने वाळीत टाकलेली होती, आणि त्यांतील धाकटी मुक्ता ही थोरल्यांनाही खडे बोल सुनावणारी होती. त्यांच्यातील ज्ञानदेवांनी १२९६ मध्ये समाधी घेतली तेव्हा त्यांचे वय होते अवघे एकवीस. श्रद्धेचा विषय आणि कल्पित कथा यांना एका पारड्यात घालण्याचे कारण नाही. मात्र इंद्रायणीच्या काठी वाढणाऱ्या मुलाला एडिंबरोत लिहिलेल्या गोष्टीतील चार वसतिगृहांची नावे पाठ असावीत आणि या चार भावंडांची नावे सांगताना त्याने अडखळावे, हा दोष रोलिंगबाईंचा खचित नव्हे.

तो दोष मराठी घरांचा आहे, आणि काही अंशी मराठी साहित्यिकांचाही. मराठी कादंबरीच्या आरंभकाळात अद्भुताचे प्राबल्य होते. हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची, रिसबुडांची ‘मंजुघोषा’ १८६८ ची. पुढे वास्तववादाची प्रतिष्ठा एवढी वाढली, की अद्भुत लिहिणे हे मोठ्या लेखकाला न शोभणारे काम ठरले. भा. रा. भागवतांसारख्यांनी हा समज झुगारून ज्यूल व्हर्न मराठीत आणला आणि फुरसुंगीच्या बनेश फेण्याला सायकलवर बसवून घराघरांत पोहोचवले. त्या फास्टर फेणेवर १९८७ मध्ये दूरदर्शनने मालिका केली, २०१७ मध्ये चित्रपट झाला. परंतु फेण्यानंतर त्याच्या तोडीचा दुसरा मुलगा मराठीत जन्माला आला का? भागवतांना जाऊनही आता पाव शतक होत आले. हॅरी पॉटरचे मराठी अनुवाद काढण्यासाठीही भोपाळच्या प्रकाशन संस्थेला पुढे यावे लागले, ही गोष्ट मराठी प्रकाशन व्यवसायाच्या राजधानीला भूषणावह म्हणता येणार नाही.

हिंदी अनुवादात सुधीर दीक्षित यांनी लॅटिन वळणाच्या मंत्रांना संस्कृतचा साज चढवला आणि ग्रिफिंडोरचे ‘गरुडद्वार’ केले. परक्या गोष्टीला आपल्या भाषेत आणताना तिला आपले नाव द्यायचे, ही आत्मविश्वासाची खूण होय. बंदीची मागणी करणाऱ्यापेक्षा असा अनुवादक संस्कृतीचे काम अधिक करतो. इंग्रजी माध्यमातील मुलाच्या हाती या मालिकेचा मराठी खंड दिला तर दोन पानांतच तो कंटाळतो, अशी तक्रार पालक करतात. ती खरी आहे. पण त्या मुलाला मराठी वाक्य वाचायला जड जाते, हे पालकांना पुस्तकामुळे कळले, एवढेच. घरात मराठी फक्त जेवणाच्या आणि रागावण्याच्या कामाची उरली, तर गोष्टीची भाषा मुलाच्या कानावर पडणार कधी?

जानेवारी २०१६ मध्ये पिंपरीत अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले, त्याचा थाट या शहराने पाहिला. संमेलनाचा मांडव चार दिवसांचा असतो. घरातील कपाट बाराही महिने असते. औद्योगिक पट्ट्यातील घरांत बाप कधी पहिल्या पाळीला तर कधी रात्रपाळीला, आई नोकरीवर, आजी गावाकडे, अशी स्थिती आहे, हे मान्यच. तरीही आठवड्यातून तीन संध्याकाळी वीस मिनिटे मोठ्याने वाचणे कोणत्याही पाळीत बसते. हॅरीचा मराठी खंड वाचावा, फेणे वाचावा, कचदेवयानी सांगावी. क्रम मुलांनी ठरवावा. बालशाखेत आणि संस्कारवर्गात गोष्ट सांगणाऱ्याने तीच ती चार चरित्रे पाठ म्हणून दाखवण्यापेक्षा चाकणच्या संग्रामदुर्गावर मुलांना न्यावे. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्याने शाहिस्तेखानाच्या प्रचंड फौजेपुढे तो भुईकोट जवळजवळ दोन महिने लढवला. सुरुंगाने उडालेल्या बुरुजाच्या खिंडारात उभे राहून ती रात्र सांगता आली, तर मुले मध्येच पाणी प्यायलाही उठणार नाहीत. सोसायट्यांच्या गणेश मंडळांनी दहा दिवसांच्या ध्वनिवर्धकाच्या भाड्यातील थोडी रक्कम वाचवली, तरी प्रत्येक सोसायटीत पन्नास मराठी बालपुस्तकांची पेटी उभी राहू शकेल. तिच्या किल्लीची जबाबदारी एखाद्या निवृत्त कामगार आजोबांकडे द्यावी, आणि पुस्तक फाटले तर मुलांना दंड करू नये.