आरोग्यचिंतन : देहातील आनंदाची कुपी



अबुधाबीच्या खलिफा सिटीत मुलाकडे राहणाऱ्या आमच्या एका ज्येष्ठ वाचक भगिनीचे पत्र आम्हांस आले आहे. यजमान निवर्तल्यापासून त्यांची झोप उडाली आहे, गुडघे दुखतात, आणि मन कशातच रमत नाही. अश्दोद येथील त्यांच्या धाकट्या बहिणीस तेथील डॉक्टरांनी दुखण्यावर गांजाच्या अर्काचे थेंब लिहून दिले आहेत. सणाला भेटावयास येताना एक कुपी आणते, असे बहिणीने कळविले आहे. ती आणू द्यावी काय, असा भगिनींचा प्रश्न आहे.

आमचे उत्तर स्पष्ट आहे : मुळीच आणू देऊ नये. इस्राएलमध्ये जे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीने मिळते, तेच अमिरातीच्या विमानतळावर सामानात सापडले तर गुन्हा ठरू शकते. अशा थेंबांपायी पाहुणीवर अटकेचा प्रसंग ओढवेल, आणि यजमान कुटुंबाच्या वास्तव्यावरही त्याची छाया पडेल. शिवाय एकाचे औषध दुसऱ्याने घेणे हे कोणत्याही देशात शहाणपणाचे नाही.

तथापि एवढ्यावर पत्राची बोळवण करणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. कारण त्या कुपीतील द्रव्याचे सख्खे भाऊबंद आपल्या प्रत्येकाच्या देहात निर्माण होतात, आणि त्यांचा शोध लावण्याचा मान जेरुसलेमकडे जातो.

राफाएल मेशुलाम यांचा जन्म १९३० साली बल्गेरियात सोफिया येथे झाला, आणि १९४९ साली ते इस्राएलला आले. १९६४ साली त्यांनी येहिएल गाओनी यांच्यासह गांजातील मादक द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे केले. पुढे १९८८ साली अमेरिकेत ॲलिन हॉलेट व विल्यम डिव्हेन यांनी दाखवून दिले की, हे द्रव्य ज्याला चिकटते असे विशिष्ट ग्राहक मेंदूतील पेशींवर असतात. मग प्रश्न उभा राहिला : एका झुडपातील द्रव्यासाठी ईश्वराने माणसाच्या मेंदूत कुलुपे कशास बसवावीत? त्या कुलपाची किल्ली देहातच असली पाहिजे. १९९२ साली हिब्रू विद्यापीठात मेशुलाम, डिव्हेन व लुमिर हानुश यांच्या चमूला ती सापडली. ती सापडली डुकराच्या मेंदूत, हे वाचून आमच्या वाचकांच्या भुवया उंचावतील. परंतु विज्ञानाला कोशेरचा नियम नाही! त्या द्रव्यास त्यांनी नाव दिले ‘आनंदमाइड’. होय, आपल्याच ‘आनंद’ या शब्दावरून. मेशुलाम २०२३ साली निवर्तले; नाव मात्र राहिले.

हे द्रव्य साठवून ठेवलेले नसते. गरज पडेल तेव्हा पेशीच्या आवरणातील स्निग्धांशापासून ते तयार होते, आणि काम होताच विकरे त्याचे तुकडे करतात. मेंदूत त्याचे कार्य लगाम खेचण्याचे आहे. निरोप घेणारी पेशी या द्रव्याद्वारे निरोप धाडणाऱ्या पेशीस उलट सांगते की, पुरे, आता आवाज कमी कर. वेदना, चिंता, भूक व झोप यांच्या नियमनात त्याचा हात आहे तो असा.

आता व्यायामाचा संबंध पाहू. धावल्यावर वाटणाऱ्या उल्हासाचे श्रेय पूर्वी एंडॉर्फिन या द्रव्यास देत असत. परंतु रक्तातील एंडॉर्फिन मेंदूच्या सीमेवरच अडते. आनंदमाइड स्निग्ध असल्याने ती सीमा सहज ओलांडू शकते. २००३ साली अमेरिकेत तरुणांना सुमारे ५० मिनिटे धावावयास अथवा सायकल चालवावयास लावले, तेव्हा त्यांच्या रक्तातील आनंदमाइड वाढलेले आढळले. २०१२ साली तोच प्रयोग माणसे, कुत्री व फेरेट नावाचा मुंगसासारखा प्राणी यांच्यावर झाला. माणसांत व कुत्र्यांत वाढ झाली, फेरेटात झाली नाही. जे प्राणी दूरवर धावण्यासाठी घडले, त्यांनाच हे बक्षीस असावे, असा संशोधकांचा तर्क आहे. २०२१ साली जर्मनीत एंडॉर्फिनचा मार्ग औषधाने रोखून ६३ जणांना धावावयास लावले. तरीही उल्हास टिकला.

श्रम किती असावेत, हा प्रश्न महत्त्वाचा. २०१३ सालच्या एका प्रयोगात अगदी संथ चालण्याने लक्षणीय वाढ झाली नाही, आणि छाती फुटेस्तोवर धावण्यानेही नाही. मध्यम श्रमाने झाली. चालताना बोलता यावे पण गाता येऊ नये, अशी ती मध्यम गती. हे प्रयोग बहुतांशी तरुण व धावण्याची सवय असलेल्यांवर झाले, हे मात्र आम्ही लपवीत नाही. साठीनंतर तेवढाच लाभ होईल, असे वचन कोणी देऊ शकत नाही. परंतु चालण्याने झोप, मन व सांधे यांस बरे वाटते, याविषयी दुमत नाही.

मोशे बेन मैमोन, आपले रामबाम, यांनी शरीर ऊब धरीपर्यंत हालचाल करावी व मगच जेवावे, असे आठशे वर्षांपूर्वी लिहून ठेवले. अबुधाबीत २०२३ साली उघडलेल्या सिनेगॉगला त्यांचेच नाव आहे. आणि आपले शनवार तेली पूर्वज? कुलाब्याच्या गावोगावी घाण्याचे तेल विकत हिंडताना त्यांना व्यायामाची वेगळी वेळ काढावी लागली नाही. वातानुकूलित घरातून वातानुकूलित मोटारीत बसणाऱ्या आपल्याला ती काढावी लागते.

तेव्हा भगिनी, आधी डॉक्टरांकडून गुडघे व हृदय तपासून घ्या. निद्रानाश व उदासी यांविषयीही त्यांच्याशी मोकळेपणाने बोला. चालणे हे औषधाला पर्याय नव्हे, सोबत आहे. खलिफा सिटीचा उन्हाळा चाळीस अंशांच्या वर जातो. १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर मजुरांसही काम करू देत नाहीत. म्हणून सूर्योदयापूर्वी निघा, पाण्याची बाटली जवळ ठेवा, आणि फारच उष्मा असेल तर एखाद्या मॉलमध्ये चाला. दहा मिनिटांनी आरंभ करून हळूहळू अर्ध्या तासावर या.

आणि बहिणीस कळवा : तू अवश्य ये, कुपी मात्र अश्दोदलाच राहू दे. तिऐवजी चालावयाचे बूट घेऊन ये. दोघी बहिणी पहाटे गप्पा मारीत चालू लागलात, तर त्या आठवणींत यजमानही तुमच्या सोबत असतील.