ऑक्सिजन मोजणारा मोजा: घेण्याआधी चार प्रश्न विचारा

"डॉक्टर, बाळासाठी तो ऑक्सिजन मोजणारा मोजा मागवू का? दीर अमेरिकेहून येताहेत, येताना घेऊन येतील."

असे प्रश्न आता नेहमीचे झाले आहेत. कुणी ईसीजी काढणाऱ्या शर्टाबद्दल विचारतं, कुणी सुई न टोचता साखर सांगणाऱ्या घड्याळाबद्दल. माझं उत्तर सरळ आहे. निरोगी बाळासाठी तो मोजा घेऊ नका. साखर सांगणारं घड्याळ फुकट मिळालं तरी वापरू नका. आणि छातीत दुखत असेल तर शर्टाकडे किंवा घड्याळाकडे बघत बसू नका, हॉस्पिटल गाठा. का, ते आता सविस्तर बघू.

हे कपडे नक्की काय करतात?

साध्या कापडात चांदीचा मुलामा दिलेला नायलॉनचा दोरा विणला किंवा शिवला, की त्यातून वीज वाहू शकते. त्या दोऱ्याचा एक भाग त्वचेला टेकवला की तो हृदयाचे विद्युत संदेश टिपतो. एक छोटं यंत्र ते मोबाईलकडे पाठवतं. कल्पना उत्तम आहे आणि जुनीही. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठात सुंदरेसन जयरामन यांच्या चमूने १९९६ साली सैनिकांसाठी असा शर्ट बनवायला घेतला. सैनिकाला गोळी कुठे लागली, त्याची नाडी चालू आहे का, हे दुरून कळावं हा हेतू होता. २००७ मध्ये लिया ब्यूकली यांचा कापडावर शिवता येणारा 'लिलीपॅड आर्डुइनो' हा सर्किट बोर्ड बाजारात आला आणि विद्यार्थ्यांनाही असे कपडे घरी बनवता येऊ लागले.

असे प्रयोग करणाऱ्या मुलांचं मला कौतुकच आहे. माझं भांडण वेगळं आहे. प्रयोगशाळेतला नमुना एका निरोगी माणसाच्या अंगावर दहा मिनिटं चालला, म्हणून तो आजारी माणसाला विकायला काढला जातो, त्याच्याशी आहे.

नमुना आणि उपकरण यात फरक काय?

हृदयाचा जो संदेश त्वचेवर पोहोचतो तो असतो साधारण एक मिलिव्होल्ट, म्हणजे एका व्होल्टचा हजारावा भाग. म्हणून तर ईसीजी काढताना आम्ही तुम्हाला स्वस्थ झोपवतो, जेल लावतो, गरज पडली तर छातीवरचे केसही काढतो. शर्टात यातलं काहीच नसतं. तुम्ही चालता, कापड सरकतं, घाम येतो, आणि स्नायूंची हालचालही आलेखात मिसळते. वर शर्ट धुवावा लागतो. धुऊन धुऊन दोऱ्यावरचा मुलामा झिजतो आणि दहाव्या धुण्यानंतरचा आकडा पहिल्या दिवसासारखा राहीलच असं नाही.

दुसरी गोष्ट आणखी महत्त्वाची. दवाखान्यातला ईसीजी दहा ठिकाणी इलेक्ट्रोड लावून हृदयाकडे बारा कोनांतून बघतो. घड्याळ सहसा एकाच कोनातून बघतं, शर्ट फार तर दोन-तीन कोनांतून. हार्ट अटॅक हृदयाच्या ज्या भागात आहे तो भाग त्या कोनातून दिसलाच नाही, तर आलेख नॉर्मल येतो. माणूस "नॉर्मल आहे, ॲसिडिटीच असणार" म्हणून झोपतो, आणि त्या दोन तासांत हृदयाचा स्नायू मरत असतो.

बाळाच्या मोज्याचं काय झालं?

'आउलेट' कंपनीचा स्मार्ट सॉक अमेरिकेत बरीच वर्षं विकला गेला. ऑक्टोबर २०२१ मध्ये तिथल्या नियामक संस्थेने, म्हणजे एफडीएने, कंपनीला इशारापत्र पाठवलं: हे वैद्यकीय उपकरण आहे आणि तुम्ही त्याची परवानगी घेतलेली नाही. कंपनीला अमेरिकेतली विक्री थांबवावी लागली. नव्या रूपातल्या मोज्याला परवानगी मिळाली ती नोव्हेंबर २०२३ मध्ये. आधी लाखो बाळांच्या पायात आणि मग तपासणी, असा हा उलटा क्रम.

त्याआधी २०१८ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात असे दोन मॉनिटर हॉस्पिटलच्या यंत्राशी ताडून पाहिले गेले. एकाने कमी ऑक्सिजन ओळखला, पण दर वेळी नाही. दुसऱ्याने एकदाही ओळखला नाही! आई-बाप मात्र हिरवा दिवा बघून निर्धास्त.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना आजही सांगते, की झोपेतला अचानक मृत्यू टाळण्यासाठी अशा मॉनिटरवर विसंबू नका. काय करायचं, तेही ती सांगते: बाळाला पाठीवर झोपवा, गादी घट्ट असू द्या, उशी आणि मऊ दुलया दूर ठेवा, घरात कुणी विडी-सिगारेट ओढू नका. याला एक रुपयाही लागत नाही, म्हणूनच त्याची जाहिरात होत नाही.

साखरेचं घड्याळ तर थेट धोका

फेब्रुवारी २०२४ मध्ये एफडीएने स्पष्ट सांगितलं, की त्वचेला न टोचता स्वतःच साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला त्यांनी परवानगी दिलेली नाही. दंडावर चिकटवायचा सेन्सर वेगळा, त्याची बारीक तार त्वचेखाली जाते. घड्याळाने साखर ३०० दाखवली म्हणून तुम्ही इन्सुलिन वाढवलं आणि खरी साखर १०० असेल, तर पुढे काय होईल याचा विचार करा.

मग सगळंच टाकाऊ का?

नाही. अनियमित नाडी ओळखण्यात घड्याळांचा उपयोग होतो. ॲपलच्या २०१९ च्या अभ्यासात चार लाखांहून अधिक लोकांपैकी जेमतेम अर्ध्या टक्क्याला इशारा आला. त्यातल्या ज्यांनी नंतर ईसीजी पॅच लावून तपासून घेतलं, त्यांच्यापैकी ३४ टक्क्यांत 'एट्रियल फिब्रिलेशन' सापडलं. तेव्हा इशारा आला तर जरूर दाखवायला या. इशारा आला नाही म्हणून घरी थांबू नका, एवढंच माझं म्हणणं आहे.

विकणाऱ्याला हे चार प्रश्न विचारा

१. परवाना क्रमांक काय? १ एप्रिल २०२० पासून भारतात सगळी वैद्यकीय उपकरणं कायद्याच्या कक्षेत आली आहेत. "आजार ओळखतो" म्हणणाऱ्याकडे परवाना हवाच.

२. खोक्यावर बारीक अक्षरात "फक्त वेलनेससाठी, वैद्यकीय वापरासाठी नाही" असं लिहिलंय का? तर मग जाहिरातीत गळ्यात स्टेथोस्कोप घातलेला माणूस कशाला?

३. चाचणी कुणावर झाली? २०२० च्या एका अमेरिकी अभ्यासात ऑक्सिमीटर ठीक आकडा दाखवत असताना प्रत्यक्षात ऑक्सिजन धोकादायक कमी असण्याचं प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत सुमारे १२ टक्के, तर गोऱ्यांत ४ टक्के होतं. आपल्या सावळ्या कातडीसाठी हा प्रश्न फार मोलाचा आहे.

४. किती वेळा धुतल्यावर पुन्हा तपासून पाहिलं?

उत्तरं मिळाली नाहीत, तर पैसे खिशातच ठेवा. त्याच पैशांत दंडाला लावायचं चांगलं डिजिटल बीपी मशीन आणि ग्लुकोमीटर येईल.

आणि एक कायम लक्षात ठेवा. छातीत दुखणं, दम लागणं, एकाएकी तोंड वाकडं होणं, बाळ निळं पडणं, यातलं काहीही झालं तर मोबाईल आकडा बघायला उघडू नका. १०८ लावायला उघडा.